माठ ते शीतकपाट : घरच्या दुरुस्तीची सीमारेषा

घराण्यांचे, इनामांचे आणि देवस्थानांचे इतिहास आपल्याकडे आवडीने लिहिले आणि वाचले जातात. घरातील यंत्रांच्या वाट्याला मात्र इतिहास क्वचितच येतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रात्रंदिवस गुरगुरणारे शीतकपाट, म्हणजे आपल्या बोलण्यातला फ्रीज, हे असेच एक उपेक्षित यंत्र होय. ते चालू असते तोवर त्याची आठवण कोणी काढीत नाही. ते बंद पडले की घरावर सुतकी कळा येते. दूध नासेल, भाजी सुकेल, ही चिंता जुनीच आहे. आमच्या वयाच्या मंडळींच्या घरांतून आता तिच्यात इन्सुलिनच्या कुप्यांची भर पडली आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी, घरात दोघेच, आणि दुरुस्तीवाला ‘उद्या येतो’ म्हणून सांगणारा. अशा वेळी आपल्या हाताने काय करता येईल आणि काय करू नये, हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा वाटतो. पण तो इतिहासाचाही आहे, असे आमचे मत आहे. फ्रीजचा कोणता भाग घरच्या माणसाने उघडावा व कोणत्या भागाला हात लावू नये, याची सीमारेषा गेल्या शंभर वर्षांत शोधांनी, अपघातांनी आणि कायद्यांनी आखली आहे. ती कशी आखली गेली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

थंडाव्याची मूळ विद्या आपल्या घरांत फ्रीजच्या फार पूर्वीपासून आहे. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपते, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपल्या हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ छान गार राहतो, तर मुंबईच्या दमट हवेत तोच माठ निराशा करतो, याचे कारण हेच. दारांना लावून भिजविलेले वाळ्याचे पडदे याच तत्त्वाचे. मोगलांच्या आबदारखान्यात सोरा मिसळलेल्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचे पाणी गार करीत, तसेच हिमालयातील बर्फ लाहोरला येत असे, अशी नोंद अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त करून ठेवली आहे.

याहून नवलाची रीत अलाहाबादकडे होती. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती वर्णिली आहे. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणावयाचे, त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरावयाची, त्यांवर मातीच्या उथळ पसरट परळांची रांग मांडावयाची आणि सायंकाळी त्यांत उकळून निवविलेले पाणी भरावयाचे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री, भोवतालची हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही, त्या परळांत बर्फ धरे. सूर्योदयापूर्वी ते गोळा करून खोल खड्ड्यात साठवीत. ज्या कारागिरांना पदार्थविज्ञानाचे नाव ठाऊक नव्हते, त्यांना आकाशाकडे उष्णता कशी जाते हे अनुभवाने कळले होते.

मग बर्फ व्यापाराची वस्तू झाले. अमेरिकेतील बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने थंडीत गोठलेल्या तळ्यांचे बर्फ कापून जहाजाने पाठविण्याचा उद्योग आरंभिला. १८३३ साली त्याचे ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातले सुमारे १०० टन कलकत्त्यास पोचले. पुढल्याच वर्षी अमेरिकेचे बर्फ मुंबईत आले. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत ते वापरले, आणि यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याचे वृत्त ‘मुंबई समाचार’ने दिले! मद्रासला समुद्रकाठी बर्फ साठविण्यासाठी बांधलेली वास्तू आजही उभी आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. या व्यापारातील बर्फ वितळत असे, पण बिघडत नसे. त्याला दुरुस्ती नव्हती. होती ती फक्त भुश्श्यात नीट झाकून ठेवण्याची काळजी.

यंत्राने थंडावा निर्माण करण्याचा विचार त्याही आधीचा आहे. स्कॉटलंडचे विल्यम कलेन यांनी १७५० च्या दशकात, हवा काढून घेतलेल्या पात्रात ईथरची झपाट्याने वाफ करून थोडेसे बर्फ करून दाखविले होते. १८३४ साली, म्हणजे मुंबईत अमेरिकेचे बर्फ उतरले त्याच वर्षी, जेकब पर्किन्स यांनी इंग्लंडमध्ये एका यंत्राचे पेटंट घेतले. आपल्या घरातील फ्रीज आजही त्याच तत्त्वावर चालतो. हे तत्त्व एकदा माठाशेजारी ठेवून पाहिले की समजण्यास सोपे जाते. माठ आपली वाफ वाऱ्यावर सोडून देतो, म्हणून त्यात रोज पाणी भरावे लागते. फ्रीज मात्र आपली वाफ पकडून परत आणतो. बर्फाच्या कप्प्याभोवतालच्या नळ्यांत एक द्रव उकळून त्याची वाफ होते आणि ती कप्प्यातील उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, त्यामुळे ती तापते. पाठीमागील काळ्या जाळीतून फिरताना ती आपली उष्णता खोलीत सोडते व पुन्हा द्रव होते. पुढे एका केसासारख्या बारीक नळीतून दाब उतरवून तोच द्रव पुन्हा आत जातो. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही; तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एवढे एक वाक्य ध्यानात राहिले, तर घरच्या निम्म्या तक्रारींचे मूळ आपोआप कळते, हे आपण पुढे पाहूच.

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन आणि जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी हे तत्त्व कारखान्यांत उतरविले. मद्यनिर्मिती, मांसव्यापार आणि बर्फाचे कारखाने त्यावर उभे राहिले. घरगुती विजेचा फ्रीज मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच अमेरिकेत आला. निरपेक्ष तापमानाची संकल्पना मांडणाऱ्या लॉर्ड केल्व्हिन यांच्या नावावरून एका कंपनीने आपले नाव ‘केल्व्हिनेटर’ ठेवले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या आरंभीच्या यंत्रांची रचना आज पाहिली तर भीती वाटेल. मोटर एकीकडे, कॉम्प्रेसर दुसरीकडे, मध्ये पट्टा, आणि फिरणारा दांडा जेथून बाहेर येई तेथे पॅकिंग. पॅकिंग झिजले की आतील वायू गळे. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मेथिल क्लोराइड, यांतला एकही वायू निरुपद्रवी नव्हता. अशी यंत्रे उघडता येत, पट्टा बदलता येई, पॅकिंग आवळता येई. म्हणजे आपल्या भाषेत ती पूर्णपणे ‘दुरुस्त होणारी’ होती. परंतु त्याच उघडेपणाने माणसे मेली. बर्लिनमधील एक संपूर्ण कुटुंब फ्रीजमधील विषारी वायू गळून मृत्युमुखी पडल्याचे वृत्त वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन व्यथित झाले. त्यांनी तरुण सहकारी लिओ झिलार्ड यांच्यासमवेत, एकही फिरता भाग नसलेल्या शीतयंत्राची रचना केली. १९३० साली त्यांना तिचे अमेरिकी पेटंटही मिळाले. सापेक्षतावादाच्या जनकाने फ्रीज दुरुस्त करावयास घ्यावा, याहून त्या प्रश्नाचे गांभीर्य ते काय सांगावे! ते यंत्र बाजारात आले नाही, कारण तोवर दुसरे दोन उपाय पुढे आले होते.

पहिला उपाय म्हणजे मोटर व कॉम्प्रेसर दोन्ही एकाच पोलादी डब्यात घालून तो डबा कायमचा बंद करणे. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बाजारात आणलेला, डोक्यावर गोल यंत्र असलेला फ्रीज या प्रकारचा होता. दुसरा उपाय वायूच बदलण्याचा. थॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास फ्रीऑन शोधून काढला. तो विषारी नाही आणि पेटत नाही हे सिद्ध करण्यासाठी मिजली यांनी १९३० साली शास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखविली. या दोन उपायांनी फ्रीज सुरक्षित झाला. घरमालकाच्या दृष्टीने मात्र त्याच दिवशी त्याचे हृदय सीलबंद झाले. आमच्या सरकारी नोकरीतील भाषेत सांगावयाचे तर यंत्राची मुख्य फाईल ‘गोपनीय’ म्हणून लाखबंद झाली, आणि बाहेर उरली ती किरकोळ टिपणे. ही सीमारेषेची पहिली बाजू.

दुसरी बाजू दाराची आहे. जुन्या फ्रीजना कुलपासारखी खिट्टी असे आणि ती फक्त बाहेरून उघडे. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपाछपी खेळताना मुले अडकून गुदमरण्याच्या घटना वारंवार घडल्या. तेव्हा १९५६ साली तेथे कायदा करून, आतून ढकलले तरी उघडेल असेच दार असावे, हे बंधनकारक केले गेले. खिट्टी गेली आणि रबरी गास्केटमध्ये चुंबकाची पट्टी आली. आपण आज दाराचे जे रबर पुसतो, त्यामागे त्या मुलांचा इतिहास आहे. जुना फ्रीज गच्चीवर किंवा जिन्याखाली टाकून ठेवणाऱ्यांनी त्याचे दार आधी काढून ठेवावे, ही सूचना म्हणूनच क्षुल्लक समजू नये.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय कंपनीने देशात फ्रीज तयार करण्याचा मान गोदरेजकडे जातो. ते वर्ष १९५८. आम्हा हैदराबादकरांना मात्र फ्रीज म्हटले की ऑल्विन आठवते. निजामाच्या राजवटीत १९४२ साली स्थापन झालेला हैदराबाद ऑल्विन मेटल वर्क्स हा सनतनगरचा कारखाना पोलादी सामान आणि बसगाड्यांचे सांगाडे करी. पुढे तेथे फ्रीज तयार होऊ लागले, आणि १९८० च्या दशकात जपानच्या सेको कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळेही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा व पुढे त्याच नावाच्या राज्याचा भाग होता. त्यामुळे तिकडून नोकरीसाठी आलेल्या आणि सुलतान बाजार-काचीगुड्याकडे स्थिरावलेल्या मराठी घरांना हा कारखाना परका नव्हता. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ऑल्विनचा फ्रीज विभाग व्होल्टासकडे गेला. आता ते नाव कुकटपल्लीकडच्या ऑल्विन कॉलनीत आणि मियापूरकडच्या ऑल्विन चौरस्त्यात तेवढे उरले आहे.

त्या काळी फ्रीज ही बैठकीच्या खोलीत ठेवण्याची वस्तू होती. त्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी, हँडलला कापडी खोळ. तो एकदा घेतला की पंचवीस वर्षे टिकावा, ही अपेक्षा असे आणि बहुधा ती पुरी होई. ती पुरी होण्याचे श्रेय यंत्राच्या जाड पत्र्याइतकेच गल्लीतल्या उस्तादाचे होते. या उस्तादांनी पुस्तकाविना एक विद्या कमावली होती. कॉम्प्रेसरला हात लावून, आवाज ऐकून ते दोष सांगत. गळती शोधण्यास साबणाचा फेस, नळी सांधण्यास गॅसची ज्योत, आणि ‘गॅस भरणे’ हा शेवटचा उपाय. हे सारे चालले, कारण आत फ्रीऑन होता आणि तो पेटत नव्हता.

परंतु १९७४ साली मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, फ्रीऑनच्या जातीचे वायू वातावरणात उंच जाऊन ओझोनचे आवरण नष्ट करतात. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला, आणि २०१० पर्यंत फ्रीजसाठी या वायूंचे उत्पादन आपल्याकडे थांबले. त्यांच्या जागी आधी आर-१३४ए आला. तो ओझोनला अपाय करीत नाही, पण पृथ्वीचे तापमान वाढवितो. म्हणून आजच्या बहुसंख्य नव्या घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए, भरलेला असतो. हा वायू स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला आहे, तो पेटतो. फ्रीजमध्ये तो शंभर ग्रॅमच्या आतच असतो, सीलबंद असेपर्यंत त्याचा काहीही धोका नाही. मात्र जुन्या सवयीने नळी कापून लगेच ज्योत लावणारा हात येथे अपघात घडवू शकतो. म्हणून कोणालाही गॅसच्या कामासाठी बोलाविताना, फ्रीजच्या पाठीमागील पट्टीवर कोणता वायू लिहिला आहे हे आपण स्वतः वाचावे आणि येणाऱ्यालाही वाचून दाखवावे. ही सीमारेषा आता पूर्वीपेक्षा ठळक झाली आहे.

मग घरच्या माणसाला उरले काय? आमच्या मते पुष्कळ उरले आहे. सीलबंद चक्राच्या बाहेर जे जे आहे, ते बहुतेक आपले आहे; आणि नेहमीच्या तक्रारींपैकी पुष्कळशा तेथेच उगम पावतात.

फ्रीज मुळीच चालत नसेल तर आधी त्याच प्लगमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. दिवा लागतो पण कॉम्प्रेसर गप्प आहे, असे असेल तर थर्मोस्टॅटची चकती कोणी शून्यावर तर नेली नाही ना, हे पाहावे. वीज जाऊन लगेच आली असेल तर फ्रीज बंद करून पाच मिनिटे थांबावे; आतला दाब दोन्ही बाजूंनी सारखा झाल्याखेरीज कॉम्प्रेसरला सुरुवात करणे जड जाते. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येऊन तो बंद पडत असेल तर व्होल्टेज कमी असावे, नाही तर कॉम्प्रेसरच्या अंगाला बाहेरून बसविलेला रिले किंवा ओव्हरलोड गेला असावा. हे भाग स्वस्त असतात आणि सीलच्या बाहेर असतात. विजेच्या कामाची ज्याला सवय आहे त्याने प्लग काढून, त्याच मापाचा भाग आणून ते बदलावेत. ज्याला सवय नाही त्याने निदान नाव सांगून काम करून घ्यावे. ‘रिले पाहा’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘कॉम्प्रेसर गेला’ असे उत्तर सहजी मिळत नाही.

गारवा कमी झाला असेल तर मघाचे वाक्य आठवावे : फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो. पाठीमागची जाळी धुळीने माखली असेल किंवा फ्रीज भिंतीला चिकटला असेल, तर ती उष्णता जाणार कोठे? प्लग काढून मऊ ब्रशने जाळी झाडावी, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. जाळी बाजूच्या पत्र्यांत दडविलेली असेल तर त्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे; ती अलगद निघून आली तर तेथे गास्केट सैल आहे. कोमट साबणपाण्याने ते पुसले आणि गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकले, तर पुष्कळदा पुन्हा बसते. भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीतले पाणी जाण्याचे भोक तुंबलेले असते; त्यात कोमट पाणी सोडावे. बर्फाचा थर जाड झाला तर फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू द्यावा. येथे सुरी, उलथने अथवा पेचकस कदापि वापरू नये. कप्प्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातूनच वायूच्या वाटा गेलेल्या असतात. एका टोच्याने पंधरा मिनिटांचे काम पंधरा दिवसांचे होते.

आणि हात लावू नये ते हे : वायूच्या नळ्या, कॉम्प्रेसरचा डबा, आणि इन्व्हर्टर जातीच्या नव्या फ्रीजमधील इलेक्ट्रॉनिक फलक. या फलकात प्लग काढल्यानंतरही काही काळ धोकादायक वीज साठून राहते.

या सीमारेषेवर आता जगभर नवा वाद सुरू झाला आहे. यंत्रे सीलबंद केली ती माणसांच्या जिवासाठी. परंतु त्याच सबबीखाली सुटे भाग न देणे, माहितीपत्रक न देणे आणि ‘नवीनच घ्या’ म्हणणे हा व्यापाराचा रिवाज होऊन बसला. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून फ्रीजच्या दाराचे गास्केट दहा वर्षे आणि इतर काही भाग सात वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांना बंधनकारक केले. आपल्याकडे केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. कायद्याची वाट कायदा चालेल. पण हक्क मागणाऱ्याला आपल्या यंत्राची जुजबी ओळख तरी हवी. ज्याला गास्केट हा शब्द ठाऊक नाही, तो ते दहा वर्षे मिळावे अशी मागणी कशी करणार?

शेवटी इन्सुलिनविषयी. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवावयाच्या असतात, आणि त्या गोठता कामा नयेत. म्हणून बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून त्या ठेवू नयेत. वापरातील कुपी वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत बाहेर चालते, पण आपल्या उन्हाळ्यात ‘बाहेर’ म्हणजे चाळीस अंश असू शकतात. फ्रीज नसलेल्या रुग्णांना डॉक्टर मंडळी मातीच्या भांड्याचा उपाय सांगतात : एका पसरट मातीच्या भांड्यात ओली वाळू, तिच्यात दुसरे लहान कोरडे भांडे, त्यात कुपी, वर ओले फडके, आणि सारे सावलीत व वाऱ्यावर. फ्रीजइतका गारवा त्यात येत नाही, पण मिस्त्री येईपर्यंतचे एक-दोन दिवस वापरातली कुपी निभावते. तेव्हा वाचकहो, घरात फ्रीज कितीही मोठा आला तरी एक माठ आणि थोडी वाळू असू द्यावी, आणि त्या दोहोंचे तत्त्व नातवंडांना एकाच बैठकीत समजावून सांगावे.